कोरम किती होता?

मागच्या एप्रिलमध्ये बाबा आमच्याकडे आले होते मेरीलँडला, महिनाभर. भारतातून कुणीही आलं की आधी वॉशिंग्टन डीसी, मग नायगरा आणि मधल्या एखाद्या शनिवारी अ‍ॅनापोलिस, हा आमच्या घरचा ठरलेला क्रम. अ‍ॅनापोलिस जवळ आहे, विटांचे रस्ते आहेत, उतारावरून खाली गेलं की पाणी आणि होड्या, पाहुणे खूश होतात. बाबांना होड्यांमध्ये काही इंटरेस्ट नव्हता. त्यांनी लांबूनच तो लाकडी घुमट बघितला आणि म्हणाले, "ते काय आहे गं? तिकडे चल."

ते स्टेट हाऊस. मेरीलँडची विधानसभा अजून तिथेच भरते. तळमजल्यावर जुन्या सिनेटचं दालन आहे, फार मोठं नाही, आणि तिथे जॉर्ज वॉशिंग्टनचा उभा ब्राँझचा पुतळा आहे. मी नेहमीचं सांगायला लागले, की बाबा, २३ डिसेंबर १७८३ ला वॉशिंग्टननं इथे उभं राहून सेनापतिपदाचा राजीनामा दिला, युद्ध जिंकलेला माणूस, सगळं सैन्य त्याच्या शब्दावर होतं, मनात आणलं असतं तर राजा झाला असता, पण कागद परत केला आणि घरी गेला. कुणाच्या हातात दिला? तर काँग्रेसच्या, म्हणजे तेव्हाच्या तेरा राज्यांच्या प्रतिनिधींची जी सभा होती तिच्या, कारण तेव्हा हे अ‍ॅनापोलिसच देशाची राजधानी होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, काठीवर दोन्ही हात ठेवून एकदा खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "कोरम किती होता?"

मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं इथे राहते, त्या दालनात सात-आठ वेळा तरी गेले असेन, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. बाबांनाच पडणार. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे ते चौदा वर्षं सेक्रेटरी होते, आणि माझ्या लहानपणीची सगळ्यात पक्की आठवण कुठली असेल तर ती जिन्याची. चार मजले, लिफ्ट नाही, सभेच्या दिवशी संध्याकाळी बाबा मला वर पिटाळायचे, "जा, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना सांग सभा सुरू होतेय, या." मी दारं वाजवत फिरायचे. कुणी म्हणायचं आलोच, कुणी म्हणायचं आम्हाला सगळं मान्य आहे म्हणून सांग बाबांना, एक आजी प्रत्येक वेळी हातावर खडीसाखर ठेवायच्या आणि यायच्या मात्र कधीच नाहीत. खाली पार्किंगमध्ये सतरंजीवर बाबा हजेरीचं रजिस्टर उघडून बसलेले असायचे आणि मी परत आले की तोंडाकडे बघायचे, किती येतायत.

त्या रात्री बाबा झोपल्यावर मी वाचत बसले आणि नंतर तीन-चार महिने वाचतच होते. हे लिहायचं कारण तेवढंच. अमेरिकेची घटना म्हटलं की आपल्याला १७८७ ची आठवते, वी द पीपल वाली. त्याच्या आधी या देशाची एक वेगळी सनद होती, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, तेरा कलमांची, १ मार्च १७८१ ला लागू झाली आणि आठ वर्षांत गुंडाळली गेली. शाळेच्या पुस्तकात तिच्याबद्दल एकच ओळ असते, की दुबळी होती म्हणून बदलली. मला ती ओळ आता अन्यायाची वाटते. आणि पुढे जे सांगणारे त्यानं ती खूपच सौम्यही वाटते.

सकाळी चहा घेताना बाबांना सांगितलं. राजीनाम्याच्या दिवशी सात राज्यांचे मिळून जेमतेम वीस जण होते. राजीनामा घ्यायला तेवढे चालले. खरी पंचाईत त्याच दालनात पुढच्या तीन आठवड्यांत झाली. इंग्लंडबरोबरचा पॅरिसचा तह ३ सप्टेंबर १७८३ ला झाला होता, म्हणजे देश स्वतंत्र असल्याचं इंग्लंडच्या राजानं मान्य केलेला कागद. त्यात अट अशी होती, की सहा महिन्यांच्या आत दोन्ही बाजूंनी मंजुरी देऊन कागदांची अदलाबदल करायची. समुद्रापलीकडे जहाजानं कागद पोचवायला दीड-दोन महिने. आणि सनदेच्या नवव्या कलमात लिहिलं होतं, की तह मंजूर करायला नऊ राज्यांची संमती लागेल. आलेली होती सात.

"म्हणजे सभा तहकूब," बाबा म्हणाले. "मग अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी परत घ्यायची ना."

आपल्या सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीखाली ते वाक्य असतं, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासानं त्याच जागी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. मी लहानपणी ते इतक्या वेळा सायक्लोस्टाइल कागदावर वाचलंय की पाठ आहे. ते वाक्य किती मोलाचं आहे हे मला त्या सकाळी कळलं, कारण अमेरिकेच्या पहिल्या सनदेत तशी पळवाट नव्हती. नऊ म्हणजे नऊ. सातावर भागवून टाकू असं काही जण म्हणत होते, व्हर्जिनियाचा प्रतिनिधी थॉमस जेफरसन, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, त्यानं ते होऊ दिलं नाही. हिवाळा त्या वर्षी भयंकर होता, रस्ते बर्फानं बंद. १३ जानेवारीला कनेक्टिकटचे दोघे पोचले, आठ झाली. नववं राज्य साउथ कॅरोलायना, त्यांचा एकच माणूस तिथे होता, आणि राज्याचं मत मोजायला निदान दोन प्रतिनिधी हजर असावे लागत. दुसरा, रिचर्ड बेरेसफर्ड, फिलाडेल्फियात आजारी पडून होता. तो तसाच अंथरुणातून उठून निघाला आणि १४ जानेवारी १७८४ ला अ‍ॅनापोलिसला पोचला. त्याच दिवशी तह मंजूर झाला. कागद मुदतीनंतरच पोचले, पण इंग्लंडनं ते ताणून धरलं नाही.

एवढ्या मोठ्या देशाच्या स्वातंत्र्याच्या कागदावर शिक्का बसायचा का नाही, हे एका आजारी माणसाला घोडागाडीचा प्रवास झेपतो का नाही यावर येऊन थांबलं होतं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच. म्हणाले, "असा एक माणूस प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतो बघ."

मग मी विचार करायला लागले, की एवढी शहाणी माणसं, अशी सनद लिहिलीच का त्यांनी?

जून १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा ठराव आला त्याच ठरावात आपापसात संघ करायची योजना आखा असंही होतं. मसुदा जॉन डिकिन्सननं लिहिला, जो स्वतः स्वातंत्र्य जाहीर करायची घाई नको म्हणत होता आणि ज्यानं त्या जाहीरनाम्यावर सहीच केली नाही. महिनाभरात मसुदा तयार झाला आणि मग सव्वा वर्ष भांडणं. मत राज्याला एक का लोकसंख्येवर? खर्चाचा वाटा माणसं मोजून का जमिनीच्या किमतीवर? पश्चिमेकडची रिकामी म्हणवली जाणारी जमीन कुणाची? मधेच इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतलं, काँग्रेस पळाली, एक दिवस लँकॅस्टरला थांबली, मग नदी ओलांडून यॉर्कला. तिथल्या कोर्टाच्या इमारतीत १५ नोव्हेंबर १७७७ ला सनद मंजूर झाली. यॉर्क आमच्यापासून दीडेक तासावर, जूनमध्ये मी मुद्दाम गेले. मूळ इमारत कधीच पाडली, आता ओढ्याकाठी तशीच एक नवी बांधून ठेवलीय. साधी, विटांची. तिच्या पायरीवर बसून मी सनदेचं दुसरं कलम परत वाचलं, की प्रत्येक राज्य आपलं सार्वभौमत्व, स्वातंत्र्य राखून आहे, आणि तिसरं, की ही राज्यं एकमेकांशी मैत्रीचा पक्का करार करतायत. मैत्रीचा. राज्य चालवायचा नाही.

आणि तेव्हा मला आमच्या सोसायटीची पहिली सनद आठवली. हो, होती. सोसायटी रजिस्टर व्हायच्या आधीची. बिल्डरनं सगळ्यांना छळ छळ छळलेलं, पाण्याचे पैसे घेतले पाणी नाही, कागदांचे घेतले कागद नाहीत, शेवटी चोवीस घरं एकत्र आली आणि एका स्टँप पेपरवर करार लिहिला. बाबांच्या फायलीत तो अजून आहे. त्यातलं मुख्य वाक्य असं, की सर्व सभासदांच्या लेखी संमतीशिवाय कोणताही खर्च करता येणार नाही. एकदा पोळलेली माणसं होती ती. पैसा पुन्हा एका माणसाच्या हातात द्यायचाच नाही हे त्यांचं पक्कं ठरलेलं. त्या एका वाक्यामुळे तर चोवीसच्या चोवीस सह्या झाल्या, नाहीतर पाचसुद्धा झाल्या नसत्या. आणि त्याच वाक्यामुळे दुसऱ्या वर्षी पंप जळाला तेव्हा तीन आठवडे सगळ्या बायका खालून कळश्या वाहत होत्या, कारण तळमजल्यावरचं एक घर म्हणत होतं आम्हाला खालून पाणी येतं, आम्ही सही करणार नाही. आईचे हात मला आठवतात, कळशीच्या काठानं लाल झालेले. म्हणून मी त्या वाक्याला मूर्खपणा म्हणू शकत नाही, आणि त्याचं कौतुकही करवत नाही.

अमेरिकेच्या सनदेचं हुबेहूब तेच. राजानं कर लादले म्हणून लढले होते, तर आता आपल्याच सभेच्या हातात कर बसवायचा अधिकार कोण देणार? दिला नाही. काँग्रेसनं खर्चाचा अंदाज काढायचा, प्रत्येक राज्याला त्याचा वाटा कळवायचा आणि वाट बघायची. एक राज्य एक मत, व्हर्जिनिया असो का र्‍होड आयलंड. व्यापारावर नियम करायचा अधिकार नाही. अंमलबजावणी करणारा प्रमुख नाही, देशाचं म्हणावं असं न्यायालय नाही. अध्यक्ष होता, पण तो सभेचा अध्यक्ष, तीन वर्षांत एका वर्षापेक्षा जास्त नाही. आणि सनदेत बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांनी हो म्हणायचं. तेराच्या तेरा!

हे सगळं नाही नाही वाचून असं वाटतं की काहीच चाललं नसेल. चाललं ना. या सनदेखाली युद्ध संपवलं, तह केला, फ्रान्स आणि हॉलंडकडून कर्ज मिळवलं. एका राज्याच्या माणसाला दुसऱ्या राज्यात जायला-यायला मोकळीक आणि तिथल्या नागरिकाचे हक्क, हे चौथ्या कलमातलं, पुढे नव्या घटनेनं जवळजवळ तसंच उचललं. कनेक्टिकट आणि पेनसिल्व्हेनिया एका खोऱ्यावरून अक्षरशः एकमेकांवर बंदुका चालवत होते, सनदेत सांगितलेल्या पद्धतीनं न्यायमंडळ बसलं, डिसेंबर १७८२ मध्ये ट्रेंटनला निकाल पेनसिल्व्हेनियाच्या बाजूनं लागला आणि कनेक्टिकटनं तो मानला. हातात लाठी नसलेल्या सभेचा निकाल एका सार्वभौम म्हणवणाऱ्या राज्यानं मानणं, मला हे फार मोठं वाटतं.

पण पैसा. पैशानं हाल केले. आयात मालावर शेकडा ५ जकात तेवढी काँग्रेसला घेऊ द्या, म्हणून १७८१ मध्ये विनवणी केली. बारा राज्यांनी मान्य केलं, एकट्या र्‍होड आयलंडनं १७८२ मध्ये नाही म्हटलं. संपलं. परत १७८३ मध्ये मांडलं, तीन वर्षं घोळ चालला, या खेपेला न्यूयॉर्कनं अशा अटी घातल्या की तेही बुडालं. न्यूयॉर्कला कशाला हवं असेल, त्यांच्या बंदरात येणाऱ्या मालावर त्यांची स्वतःची जकात होती आणि ती शेजारचे लोक भरत होते. न्यू जर्सीला तेव्हा दोन्हीकडून तोटी लावलेलं पिंप म्हणायचे, एका बाजूनं न्यूयॉर्क पिणार, दुसरीकडून फिलाडेल्फिया.

आणि पगार न मिळालेले सैनिक होते. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकारी बंडाच्या गोष्टी करत होते, तिथे वॉशिंग्टननं खिशातून चष्मा काढला आणि म्हणाला की देशाच्या सेवेत मी म्हातारा झालोच, आता आंधळाही व्हायला लागलोय, आणि समोरची माणसं रडली. ही गोष्ट इथे सगळे कौतुकानं सांगतात, मीही सांगायचे. पण त्या माणसांचा पगार थकला होता हे त्या गोष्टीत मागे पडतं. जूनमध्ये फिलाडेल्फियात शेकडो सैनिकांनी काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला, पगार द्या म्हणून, काँग्रेसकडे स्वतःच्या दाराशी उभा करायला शिपाई नव्हता, पेनसिल्व्हेनियानं तुकडी पाठवायला टाळाटाळ केली, तर देशाची सर्वोच्च सभा प्रिन्स्टनला निघून गेली. मग अ‍ॅनापोलिस, मग ट्रेंटन, मग न्यूयॉर्क. बिऱ्हाड पाठीवर.

१७८५ मध्ये अल्जियर्सच्या चाच्यांनी दोन अमेरिकन जहाजं पकडली, २१ खलाशी. खंडणी द्यायला पैसे नाहीत, लढायला आरमार नाही. त्यातले जे जगले त्यांची सुटका व्हायला १७९६ उजाडलं. या खलाशांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. दुबळं सरकार म्हणजे पुस्तकातली एक ओळ, पण कुणीतरी अकरा वर्षं कैदेत बसून समुद्राकडे बघत असतं त्या ओळीपायी.

आता जमिनीचं. इथे मात्र ही सनद मला थक्क करते. सनद १७७७ मध्ये मंजूर झाली आणि लागू व्हायला १७८१ का लागलं, तर मेरीलँडमुळे. हो, आमचं मेरीलँड. व्हर्जिनियासारखी राज्यं म्हणत होती की पश्चिमेकडे जिथवर जमीन आहे तिथवर आमची. मेरीलँडला पश्चिमेकडे वाढायला जागाच नव्हती, त्यांनी हट्ट धरला, की ती जमीन सगळ्यांची करा तरच सही. यात मेरीलँडच्या जमीन दलालांचा स्वार्थही होता, पण हट्टानं झालं काय, तर मोठी राज्यं एकेक करून आपला हक्क सोडायला तयार झाली आणि ज्या काँग्रेसकडे शिपाई नव्हता तिच्याकडे एक अख्खं मैदान आलं. सगळ्यांची संमती लागते म्हणूनच लहान राज्याचा हट्ट चालला.

त्या जमिनीचं त्यांनी काय केलं ते मला विमानातून दिसतं. शिकागोकडे जाताना खिडकीतून खाली बघा कधी, सगळी शेतं चौकोनात, वहीच्या चौकटीसारखी. तो १७८५ चा कायदा. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकर, आणि सोळावा भाग शाळेसाठी राखलेला. तिजोरीत खडखडाट असताना, एकेका डॉलरला एकर विकायची वेळ आलेली असताना, शाळेचा तुकडा आधी बाजूला काढला! आणि १३ जुलै १७८७ चा वायव्य प्रदेशाचा कायदा, तेव्हाही सभेत आठच राज्यं हजर होती, त्यात म्हटलं, की या मुलखात ६०,००० मुक्त रहिवासी झाले की ते नवं राज्य होईल, आणि जुन्या तेरांच्या बरोबरीनं बसेल. वसाहत म्हणून नाही. ज्यांनी स्वतः वसाहत असण्याचा त्रास भोगला त्यांनी पहिली संधी मिळाली तेव्हा दुसऱ्याला वसाहत केलं नाही. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन त्यातून आली.

पण हे मी लिहिते तेव्हाच हात थांबतो, कारण जमीन रिकामी नव्हती. शॉनी, मायामी, डेलावेअर अशी माणसं तिथे राहत होती, त्यांना त्या सभेत मत सोडाच, खुर्चीही नव्हती. त्याच कायद्यात लिहिलंय की त्यांच्याशी नेहमी पूर्ण सद्भावनेनं वागलं जाईल, त्यांच्या संमतीशिवाय त्यांची जमीन घेतली जाणार नाही. ते पाळलं गेलं नाही. संमतीचा एवढा सोस असलेल्या माणसांनी ज्यांची संमती सगळ्यात आधी घ्यायला हवी होती त्यांचीच घेतली नाही.

आणि आता १९ एप्रिल १७८४. परत तेच अ‍ॅनापोलिस. बेरेसफर्ड आजारातून उठून आला त्याला तीन महिने झाले होते.

पश्चिमेकडच्या मुलखाच्या कारभाराचा मसुदा जेफरसननं आणला होता. त्यात एक कलम होतं, की १८०० सालानंतर त्या मुलखात कुठेही गुलामगिरी राहणार नाही. पुढे १७८७ मध्ये झाली तशी फक्त ओहायो नदीच्या उत्तरेला बंदी नाही, तर सगळ्या पश्चिमेला, म्हणजे जिथे नंतर अलाबामा, मिसिसिपी झालं आणि कापसाच्या मळ्यांत लाखो माणसं राबवली गेली तिथेसुद्धा. जेफरसन स्वतः गुलाम बाळगणारा, आयुष्यात सहाशेच्या वर माणसं त्याची मालमत्ता म्हणून जगली, हे विसरून चालणार नाही. पण कलम त्यानं आणलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रतिनिधीनं आक्षेप घेतला, कलम ठेवायचं का यावर मत झालं. सात राज्यांची मतं हवी होती, सहा मिळाली. व्हर्जिनिया जेफरसनच्या विरोधात गेलं, मेरीलँडही. सातवं मत न्यू जर्सीचं होतं, नक्की हो चं. न्यू जर्सीचे दोन प्रतिनिधी गावात होते. एक सभेत बसला होता. दुसरा, जॉन बेटी, आजारी म्हणून आपल्या बिऱ्हाडी पडून होता. एका माणसानं राज्याचं मत होत नाही. कलम गेलं.

दोन वर्षांनी जेफरसननं लिहिलं, की न जन्मलेल्या लाखो जीवांचं नशीब एका माणसाच्या जिभेवर टांगलेलं होतं, आणि त्या भयंकर क्षणी आकाश गप्प राहिलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. अ‍ॅनापोलिस केवढंसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत बाबासुद्धा काठी टेकत चालले. कुणीतरी जाऊन दार का नाही वाजवलं? चार माणसांनी खुर्ची उचलून का नाही आणली त्याला? कायदा झाला असता तरी तो पाळला गेला असता का, कापसाचा पैसा पुढे आल्यावर तो टिकला असता का, हे सगळं मला कळतं, आणि तरी माझ्या मनात ती दहा वर्षांची मुलगी जिना चढत राहते.

त्याच स्टेट हाऊसमध्ये दुसऱ्या एका दालनात २०२० पासून हॅरिएट टबमन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे पुतळे आहेत. दोघंही मेरीलँडमध्येच जन्मलेले, गुलाम म्हणून, आणि दोघंही पळून स्वतंत्र झालेले. १७८४ चं ते कलम मेरीलँडला लागू नव्हतंच, त्यांची सुटका त्यानं झाली नसती. पण मळेवाल्यांच्या हाती खाली दक्षिणेला विकलं जायची जी भीती मेरीलँडच्या प्रत्येक गुलाम घरात होती, टबमनच्या बहिणी जशा विकल्या गेल्या, तो दक्षिणेचा मुलूख त्या कलमात होता. बाबांबरोबर गेले तेव्हा त्या दालनातून आम्ही पाच मिनिटांत बाहेर पडलो, पार्किंगची वेळ संपत होती म्हणून. नंतर मी एकटी जाऊन आले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १७८५ मध्ये मेरीलँड आणि व्हर्जिनिया पोटोमॅक नदीतल्या जहाजांबद्दल बोलायला वॉशिंग्टनच्या घरी बसले, त्यातून सप्टेंबर १७८६ ची बैठक निघाली, पुन्हा अ‍ॅनापोलिसलाच, तिला पाच राज्यांचे बारा जण आले. बारा! त्यांनी काय केलं, तर त्यांच्यातल्याच न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर हॅमिल्टनच्या हातून एक पत्र लिहिलं, की पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला सगळे या. तोवर मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जात बुडालेले शेतकरी, त्यातले कितीतरी जुने सैनिक, डॅनियल शेजबरोबर कोर्टं बंद पाडत होते, ते मोडून काढायला काँग्रेसकडे पैसा नव्हता, बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. त्यानं घाबरलेले लोक फिलाडेल्फियाला आले. आणि तिथे त्यांनी तेराची अट काढून टाकली. नवी घटना नऊ राज्यांनी मानली की लागू.

त्या नव्या घटनेत कर होता, सैन्य होतं, न्यायालय होतं, राष्ट्राध्यक्ष होता. आणि गुलामांना तीन-पंचमांश मोजायचं कलमही होतं, पळालेला गुलाम परत द्यायचं होतं, १८०८ पर्यंत गुलामांचा व्यापार थांबवायचा नाही असंही होतं. बळ आलं, आणि त्यातलं पुष्कळ मळेवाल्यांच्या कामी आलं. म्हणून पहिली दुबळी आणि दुसरी चांगली असं मला सरळ म्हणता येत नाही.

बाबांना मराठ्यांचा इतिहास तोंडपाठ. ते म्हणाले, याच वर्षांत आपल्याकडेही हेच चाललं होतं की. खरंय. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरण आणलं तेव्हा शिंदे-होळकर एकत्र होते, मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, अमेरिकेत यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसनं शस्त्रं खाली ठेवली त्याला तेव्हा सातच महिने झाले होते. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड, मधे पुण्याचा दरबार, हाही संघच होता, पण त्याला लिहिलेली सनदच नव्हती. नाना फडणवीस होते तोवर पत्रांवर आणि माणसं सांभाळण्यावर चाललं. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले लढत होते, होळकर बाजूला थांबले, आणि पुढच्या वर्षी एकटे लढले. "तिकडे निदान सगळे एका खोलीत यायचे तरी," बाबा म्हणाले. "आपण एकत्र बसून ठराव कधी लिहिला?"

आपण लिहिला तो फार पुढे. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत मसुदा मांडला तेव्हा युनियन हा शब्द का, याचं उत्तर दिलं, की आपला संघ राज्यांनी आपापसात करार करून झालेला नाही, म्हणून कुणाला बाहेर पडायचा हक्कही नाही, आणि हे ठरवायला अमेरिकेला यादवी युद्ध करावं लागलं, आपण ते आधीच लिहून ठेवतोय. मी हे शाळेत असताना पाठ केलं असेल, कळलं मात्र यॉर्कच्या त्या पायरीवर. मैत्रीच्या करारावर देश उभा केला की काय होतं ते त्यांनी नीट वाचलेलं होतं. केंद्राला फार बळ दिलं म्हणून त्यांच्यावर टीका झाली, आजही होते, आणि त्या टीकेत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्या डोळ्यासमोर ते २१ खलाशी येतात.

बाबा मे महिन्यात परत गेले. मध्यंतरी फोनवर मी त्यांना चार्ल्स थॉमसनबद्दल सांगितलं. हा काँग्रेसचा सेक्रेटरी. १७७४ ला पहिल्या बैठकीपासून १७८९ पर्यंत, पंधरा वर्षं, अध्यक्ष बदलले, राजधान्या बदलल्या, हा माणूस वह्या घेऊन बरोबर फिरत राहिला. शेवटी शेवटी नवं सरकार यायच्या बेतात होतं, जुन्या सभेला कुणी यायला तयार नव्हतं, ऑक्टोबर १७८८ नंतर कोरम झालाच नाही. तरी थॉमसन न्यूयॉर्कला थांबला, जो कुणी प्रतिनिधी दाराशी येईल त्याचं नाव आणि तारीख लिहून घेत. शेवटची नोंद २ मार्च १७८९ ची आहे. त्या दिवशी एकच माणूस आला, न्यूयॉर्कचा फिलिप पेल.

फोनवर पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली.

"लिहिलं ना त्याचं नाव रजिस्टरला?" बाबांनी विचारलं.

"लिहिलं, बाबा."

"हं," म्हणाले. "मग ठीक आहे."